तळहातातल्या कप्प्या आणि हडंब्याचं तोंड

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण होस्टेलच्या मेसमध्ये दिवसातून दोनदा तरी ऐकू येते. वाढणारा नसला की प्रत्येकाचा आपलाच डाव आणि आपलंच वरण! पण मित्रांनो, पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्तीला बोटं नाहीत. देवाचं त्यावाचून काही अडत नाही. माणसाचं मात्र अडतं. शर्टाचं बटण लावताना अडतं, भाकरी मोडताना अडतं, आणि ज्याचं हातावर पोट आहे त्याचं तर सगळंच अडतं.

आपण चार वर्षांत कॅम शिकतो, कप्प्या शिकतो, बेल्ट ड्राइव्हची गणितं सोडवतो. पण ज्या हाताने ही सगळी ड्रॉइंग काढतो त्या हाताच्या आत काय आहे, असं कोणी विचारलं तर ‘हाडं, मांस आणि रक्त’ याच्या पुढे आपली गाडी सरकत नाही. ‘अबे, ते मेडिकलवाल्यायचं काम आहे, आपल्याले कायले पायजे?’ असं रूममेट म्हणेल. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. तळहाताची रचना मेडिकलवाल्यांइतकीच आपल्यालाही माहीत असायला हवी. कारण हात तुटल्यावर तो डॉक्टरांकडे जातो हे खरं, पण तो तुटतो आपल्या लोकांनी बनवलेल्या मशीनमध्ये.

आधी रचना पाहू. हातात २७ हाडं असतात. मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. बोट वळवणारे मोठे स्नायू बोटात नसतातच, ते कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा भाग धरा आणि उजवी बोटं हलवून बघा. मोटर तिथे चालू झालेली लगेच कळते. ती शक्ती बोटाच्या टोकापर्यंत नेतात त्या कंडरा. कंडरा म्हणजे स्नायूपासून हाडापर्यंत जाणारी दोरी. आणि लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, हा हाडाला हाड बांधणारा किंवा दोरीला जागेवर धरून ठेवणारा पट्टा. गावाकडे या दोन्हींना आणि रक्तवाहिनीलासुद्धा ‘नस’ असा एकच शब्द वापरतात. या एका शब्दाच्या गोंधळात किती बोटं वाया जातात ते पुढे येईलच.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची एक पन्हळ असते. तिच्यावर एक जाड आडवा पट्टा बसवलेला असतो. पन्हळीवर झाकण ठेवलं की बोगदा तयार होतो, तसा हा बोगदा. त्यातून ९ कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू अशी एवढी वाहतूक जाते. बोगद्यात सूज आली की कंडरांचं फारसं बिघडत नाही, पण मज्जातंतू दबतो. मग अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि तिसऱ्याची अर्धी बाजू रात्री बधिर होते, मुंग्या येतात, हात झटकावासा वाटतो. औषधाने आणि पट्टीने भागलं नाही तर सर्जन हा आडवा पट्टा चक्क कापतात आणि मज्जातंतू मोकळा करतात. झाकण कापलं तरी हात चालतो.

आता बोटाकडे या. सायकलच्या ब्रेकची केबल फ्रेमला क्लिपांनी बांधलेली असते. क्लिप तुटली की केबल लोंबते आणि लिव्हर कितीही दाबला तरी ब्रेक नीट लागत नाही. बोटात हेच काम करणारे पट्टे आहेत. डॉक्टर त्यांना सरळ ‘पुली’च म्हणतात. गोल पट्ट्यांना ए-१ ते ए-५ आणि फुलीसारख्या पट्ट्यांना सी-१ ते सी-३ अशी नावं आहेत. म्हणजे आपण नटबोल्टला पार्ट नंबर देतो तशीच! यातल्या ए-२ आणि ए-४ या दोन सर्वांत महत्त्वाच्या. ए-२ बोटाच्या पहिल्या पेरावर असते, ए-४ मधल्या पेरावर.

या पुलीचं गणित पहिल्या वर्षाच्या मुलालाही येईल. सांध्याच्या केंद्रापासून दोरीचं अंतर गुणिले रेडियनमधला कोन, म्हणजे दोरीला सरकावं लागणारं अंतर. समजा दोरी सांध्यापासून १० मिलिमीटरवर आहे. सांधा ९० अंश, म्हणजे १.५७ रेडियन वळवायचा तर दोरी १५.७ मिलिमीटर सरकली पाहिजे. आता पुली तुटली, दोरी धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटली आणि अंतर १५ मिलिमीटर झालं. तेवढ्याच वळणाला आता सुमारे साडेतेवीस मिलिमीटर लागणार. स्नायू आखडतो तो ठरावीकच. मग होतं काय, की जोर लागतो पण मूठ पूर्ण मिटत नाही. मोमेंट आर्म वाढला म्हणून टॉर्क वाढला, पण फिरण्याची कक्षा गेली. परीक्षेत आपण हे दोन मार्कांसाठी लिहितो. शेतकऱ्याच्या हातात हेच घडलं की कुऱ्हाडीचा दांडा मुठीत बसत नाही.

ही रेडियनची पद्धत हाताच्या शस्त्रक्रियेत रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते डॉ. पॉल ब्रँड १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले. डॉक्टर होण्याआधी त्यांनी इंग्लंडमध्ये गवंडीकाम, सुतारकाम, म्हणजे बांधकामाचा धंदा शिकून घेतला होता. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर कंडरा दुसरीकडे जोडण्याच्या शस्त्रक्रिया करू लागले. चालू असलेल्या स्नायूची दोरी काढायची आणि बंद पडलेल्या बोटाला जोडायची! १९८५ मध्ये त्यांचं हाताच्या मेकॅनिक्सवरचं पुस्तक आलं. त्यात बल, अंतर, घर्षण, मोमेंट असे सगळे आपल्या अभ्यासक्रमातले शब्द आहेत. आपल्या विदर्भातही परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया होत आल्या आहेत. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी तर हाडात बारीक तारा घालून बाहेरून हलक्या दांड्यांनी आणि क्लॅम्पनी सांगाडा बांधायची एक पद्धत काढली. ती त्यांच्याच नावाने ‘जेस’ म्हणून ओळखली जाते आणि हाताच्या फ्रॅक्चरपासून लहान मुलांच्या वाकड्या पायापर्यंत वापरली जाते. तार, दांडी आणि क्लॅम्प! आपल्या वर्कशॉपमध्ये याहून वेगळं काय असतं? तेव्हा ‘ते मेडिकलवाल्यायचं काम’ हा मुद्दा इथेच बाद होतो.

आणखी दोन पट्टे सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. पहिला बोटाच्या मुळाशी, सांध्याच्या दोन्ही बाजूंना असतो. तिथल्या हाडाचं डोकं गोल नसून कॅमसारखं आहे. बोट सरळ असताना हे पट्टे सैल असतात, मूठ वळली की ताणले जातात. म्हणून सरळ बोटं बाजूला फाकवता येतात, पण मूठ वळून फाकवायला जा, जमत नाही. आता कोणी दुखावलेला हात सरळ फळीवर ठेवून तीन-चार आठवडे बांधून टाकला, तर सैल पडलेले पट्टे तसेच आखडतात आणि नंतर मूठ वळत नाही. म्हणून जाणकार डॉक्टर बोटं मुळाशी सुमारे ७० ते ९० अंशांत वाकवून आणि पुढचे सांधे सरळ ठेवून पट्टी बांधतात. मूळ जखम बरी झाली आणि हात मात्र पट्टीने घालवला, असं याच्या अज्ञानातून होतं.

दुसरा पट्टा तळहातात आडवा जातो आणि चार बोटांच्या मुळांची हाडं एकमेकांना बांधून ठेवतो. अंगठा या बंधनातून मोकळा आहे, म्हणून तर तो चौघांसमोर येऊन उभा राहू शकतो. मधलं एखादं बोट मुळापासून गेलं की या जागी फट पडते. पाण्याची ओंजळ गळते, सुटी नाणी गळतात, धान्य गळतं. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईच्या हातात अशी फट पडली तर बी ओळीत पडणार कसं? सर्जन अशा वेळी कधीकधी तुटक्या बोटाचं तळहातातलं हाडही काढतात आणि शेजारच्या दोन हाडांना हा पट्टा शिवून फट मिटवतात. चार बोटांचा हात, पण न गळणारा हात! कोणता पट्टा कापला तर चालतो, कोणता जिवापाड राखायचा आणि कोणता पुन्हा बांधायचा, हे कळणं म्हणजेच हाताची शस्त्रक्रिया. त्यासाठी हाताच्या सर्जनला तळहाताचं ड्रॉइंग तोंडपाठ लागतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. घाटावर चिखली, मेहकर, लोणार असो की घाटाखाली खामगाव, नांदुरा, मलकापूर असो, दसरा-दिवाळीच्या आसपास सोयाबीनची सोंगणी होते, शेतात सुड्या लागतात आणि गावोगावी हडंबा फिरू लागतो. शहरी मित्रांसाठी सांगतो, हडंबा म्हणजे थ्रेशर, मळणीयंत्र. ट्रॅक्टरवर चालतं. पोत्यावर किंवा क्विंटलवर भाडं ठरतं, म्हणून जेवढं भरभर टाकाल तेवढं मालकाचं भलं. वर पावसाची भीती, म्हणून रात्रीही काम चालतं. धूळ, कुटार, आवाज, अपुरा उजेड, अंगावर सैल कपडे, हातात कडं नाहीतर धागा. पेंडी आत अडकली की माणूस ती हाताने ढकलतो. फिरणारा ड्रम पेंडी कोणती आणि बोट कोणतं हे बघत नाही.

अशा जखमेत काय होतं ते आता तुम्हीच सांगू शकता. कातडी फाटते, कंडरा तुटतात, पुल्या उपटतात, मज्जातंतू ताणून तुटतात, हाड चुरतं. सगळं एकाच जागी. यातली सर्वांत अवघड जागा म्हणजे तळहाताच्या पुढच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतची. तिथे एका अरुंद नळीतून दोन-दोन कंडरा जातात. अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटलं होतं. तिथे लगेच कंडरा शिवायच्या नाहीत, कारण सगळं एकमेकांना चिकटून बसतं, असाच त्या काळी रिवाज होता. १९६० च्या दशकात क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की नीट शिवलं आणि लवकर, सांभाळून हालचाल सुरू केली तर तिथेही बोट वळतं. १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून परत बसवला. म्हणजे विज्ञान साठ वर्षांपूर्वीच इथवर आलेलं आहे.

पण विज्ञान पोचलं म्हणजे ते लोणारच्या शेतात पोचलं असं नाही. ‘नस कापली होती, टाके मारून घेतले’ हे वाक्य आपण सगळ्यांनी गावात ऐकलंय. टाके पडले कातडीला. आतली दोरी तुटली होती का, हे कोणी पाहिलं? बोटाचा प्रत्येक सांधा वेगवेगळा वळवायला सांगून, टोकाला स्पर्श कळतो का हे तपासून ते दोन मिनिटांत लक्षात येतं. जखम वरून लहान दिसते, महिन्याभराने ती भरते, आणि बोट मात्र काठीसारखं सरळ राहतं. मग ‘नशीब’ म्हणून विषय संपतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, पहिलं बोट गेलं तर १४ टक्के, करंगळी गेली तर ७ टक्के असा हिशोब मांडलेला होता. बोट तुटल्याची ओळ त्या तक्त्यात होती. बोट आहे पण मूठ अर्धीच वळते, याची ओळ नव्हती.

इथे नेहमी एक वाक्य येतं: ‘ऑपरेटरची चूक होती.’ लक्ष नव्हतं, झोप आली होती, दारू प्यायला होता. माझं यावर स्पष्ट मत आहे. जो अपघात दरवर्षी त्याच हंगामात, त्याच मशीनवर, त्याच जागी होतो, त्याला चूक म्हणत नाहीत, डिझाइन म्हणतात. माणूस थकणार, हे डिझाइन करणाऱ्याने गृहीत धरायला नको? आपण बीमला फॅक्टर ऑफ सेफ्टी देतो तेव्हा ‘लोखंडाने लक्ष ठेवायला पाहिजे होतं’ असं म्हणतो का?

देशात हे कोणाला सुचलं नाही असंही नाही. १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. तो प्रामुख्याने पॉवर थ्रेशरसाठीच होता. बनवणाऱ्यावर जबाबदारी आणि जखमी माणसाला भरपाई, अशा तरतुदी त्यात होत्या. थ्रेशरच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानकही आहे, आयएस ९०२०. त्यात पेंडी आत सरकवायच्या पन्हळीची, म्हणजे फीडिंग चूटची, लांबी किमान ९०० मिलिमीटर आणि त्यातला ड्रमकडचा किमान ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा असं सांगितलं आहे. ४५० मिलिमीटर म्हणजे किती? कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा आपला जुना ‘एक हात’, जवळजवळ तेवढाच! म्हणजे मशीनच्या तोंडाचं माप शेवटी माणसाच्या हातानेच घ्यायचं आहे. दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक दिनेश मोहन (१९४५–२०२१) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर भारतातल्या खेड्यांत थ्रेशर आणि कडबा कुट्टीच्या मशीनने होणाऱ्या जखमांचा अभ्यास केला. कुट्टीच्या मशीनला त्यांनी सुचवलेले उपाय बघा: पात्यांना गार्ड, मशीन बंद असताना फ्लायव्हील अडकवून ठेवणारी पिन, आणि हात जास्त पुढे गेला की जाणवून देणारा एक रोलर. यात कोणतंही रॉकेट सायन्स नाही. आपल्या वर्कशॉपमध्ये दोन दिवसांत होणारं काम आहे.

मग अडतं कुठे? लांब चूटने काम थोडं हळू होतं, पत्र्याचा खर्च वाढतो, म्हणून कोणी ती आखूड करून घेतो, कोणी झाकण काढून ठेवतो. मालकाला वाईट म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. लांब चूट ठेवूनही पेंडी भरभर जाईल असा उतार, असा पत्रा, असा सरकता पट्टा करून देणं हे आपलं काम आहे. फायनल इयरला आपण जे ‘मल्टिपर्पज’ शेती यंत्र बनवतो, त्याच्या रिपोर्टमध्ये क्षमता असते, किंमत असते, पेबॅक पिरियड असतो. माणसाचा हात यात कुठपर्यंत जाऊ शकतो, याचं एक पान कधी असतं का?

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. सर आणि मॅडम यांनीही विचार करावा.

एक, मशीन डिझाइनच्या तासांत एक दिवस हाताची रचना शिकवण्यासाठी डॉक्टरांना बोलवावं. दोन तास पुरे. ज्याने ए-२ पुली एकदा समजून घेतली, तो मशीनचं तोंड उघडं ठेवणार नाही.

दोन, एनएसएसच्या मुलांनी सप्टेंबरात, हंगामाच्या आधी, आसपासच्या गावांत मेजर टेप घेऊन हडंबे मोजावेत. ९०० आहे का? ४५० झाकलेलं आहे का? नसेल तर वर्कशॉपमधून पत्रा कापून, वेल्डिंग करून द्यावं. वृक्षारोपणाचा फोटो छानच येतो, पण हा फोटोही वाईट येणार नाही.

तीन, २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे हाताच्या जखमांसाठी प्रशिक्षित सर्जन आणि फिजिओथेरपीची कायमची सोय व्हावी, ही मागणी जिल्ह्यातल्या तरुणांनी लावून धरली पाहिजे. आज अशी गंभीर केस झाली की घरचे लोक अकोला, छत्रपती संभाजीनगर, नाहीतर नागपूरचा रस्ता धरतात आणि मोलाचे तास गाडीतच जातात.

तासांवरून शेवटचं आणि कामाचं. सुट्टीत घरी गेलात आणि असा प्रसंग आलाच, तर आधी मशीन बंद करा. स्वच्छ कापडाने जखम दाबून धरा, हात वर ठेवा, कडं-अंगठी लगेच काढा. हळद, चहापूड, माती काहीही लावू नका. तुटलेलं बोट फेकू नका. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका, त्याने ते खराब होतं. नीट थंड ठेवलेलं बोट बरेच तास टिकतं, पण मनगटापासून तुटलेल्या हाताला स्नायू असल्याने वेळ फार कमी मिळतो. थ्रेशरने चुरडलेलं बोट दर वेळी जोडता येतंच असं नाही, पण तो निर्णय सर्जनला घेऊ द्या. आणि बोट तुटलेलं नसलं तरी ‘प्रत्येक सांधा वळतो का, ते बघा ना डॉक्टरसाहेब’ एवढं विचारायला लाजू नका.

सोयाबीनच्या सुड्या लागायच्या आत एखाद्या रविवारी टेप घेऊन निघायचं असेल, तर मेकॅनिकलच्या वर्कशॉपपाशी सकाळी आठला भेटू. टेप माझ्याकडे आहे, पत्रा कापायला चार जण लागतील.